पहिल्या ट्रायथलॉनला १० आठवडे उरलेत, नडगी दुखते म्हणून पोहणं वाढवलं तर आता खांदा धरला

पहाटेची_फेरी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय कारण आता खरंच काही सुचेनासं झालंय. वय ३९. १० आठवड्यांनी माझी पहिली ट्रायथलॉन आहे, ऑलिम्पिक अंतराची, म्हणजे १५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं. सायकल माझी जुनी, ६ वर्षं नियमित चालवतेय. पोहायला गेल्या वर्षी शिकले. धावणं मात्र शून्य होतं, ते ५ महिन्यांपूर्वी सुरू केलं.

झालं असं की सायकलमुळे दम चांगला आहे, त्यामुळे धावताना धाप लागायची नाही आणि वाटायचं अरे हे तर जमतंय की. सुरुवातीचे महिने ३-४ किमीच करत होते, मग ५ आठवड्यांत ४ वरून थेट ९ किमीवर गेले, आठवड्यातून ४ दिवस. उजवी नडगी दुखायला लागली, आतल्या बाजूने, घोट्याच्या वर साधारण वीतभर. आधी पहिला किलोमीटर दुखायचं आणि अंग गरम झालं की जायचं, म्हणून लक्ष दिलं नाही. मग शेवटपर्यंत राहायला लागलं, मग घरी आल्यावरही. आता सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की पहिली ४-५ पावलं लंगडते.

१२ दिवसांपूर्वी धावणं बंद केलं. पण नुसतं बसवेना, म्हणून धावण्याचे सगळे तास पोहण्यात टाकले, आठवड्यातून ५ दिवस रोज २००० मीटर, आणि हाताला ताकद यावी म्हणून पॅडल्स (तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या) लावून. आता उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ येते, केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, आणि रात्री त्या कुशीवर वळले की जागच येते. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालंय.

घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, मुलीने कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केलाय, तो दिसला की पोटात गोळा येतो.

नडगी दुखत असताना थोडं थोडं धावलं तर चालेल का? शर्यतीच्या दिवशी पेनकिलर घेऊन रेटता येईल का? धावलंच नाही तर ५ महिन्यांची मेहनत वाया जाईल का? बर्फ लावतेय दिवसातून ३ वेळा, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणि या खांद्याचं काय करू?

हळू_पण_रोज:

ताई, पोस्ट वाचताना अंगावर काटा आला, कारण याच रस्त्याने मी गेलोय आणि पुढे कुठे पोचतो ते मला माहितीये. म्हणून आधी एकच काम करा. खुर्चीत बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर हळूहळू दाबत या. दुखरा भाग चांगला ४ बोटं किंवा जास्त लांब पसरलेला आहे की एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दाबलं की अक्षरशः ओरडावंसं वाटतं? पसरलेलं असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त भाराने नडगीच्या आतल्या कडेला येणारं दुखणं. एकाच ठिकाणी असेल, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सारख्या भाराने हाडाला पडणाऱ्या बारीक भेगेची, शंका घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत एक पाऊलही धावायचं नाही.

माझं एकाच ठिकाणी होतं. दुसऱ्याच आठवड्यात एक्स-रे काढला, स्वच्छ आला, आणि मी तो कागद म्हणजे धावायचा परवाना समजलो. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही की स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले २-३ आठवडे एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आणखी ३ आठवडे धावलो. एका सकाळी सिग्नलला रस्ता ओलांडायला जरा पळालो आणि पाय टेकेना. मग एमआरआय, मग ८ आठवडे धावणं पूर्ण बंद, त्यातले पहिले ३ कुबड्यांवर, आणि पहिली ट्रायथलॉन त्या वर्षी गेलीच.

आणि तुम्ही जे लिहिलंय ना की धाप लागत नव्हती, तिथेच सगळं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, तुमची तर सायकलने आधीच तयार होती. हाड तसं नसतं. त्याच्यावर नवीन भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं, पूर्ण फेरा व्हायला ३-४ महिने लागतात, म्हणजे मधले काही आठवडे ते उलट नाजूक असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याला वाटतं की जमायला लागलं, आणि आपण अंतर वाढवतो. सायकलवाले आणि पोहणारे धावायला आले की नडगीच धरते ती यामुळेच, इंजिन मोठं आणि चाकं नवी. दुखणं अंगावर काढू नका एवढंच कळकळीने सांगतो.

जिद्दी_पाय:

मला नाही वाटत एवढं घाबरायची गरज आहे. माझीही नडगी दुखत होती, घट्ट पट्टी बांधली, नवीन बूट घेतले, शर्यतीत एक गोळी घेतली आणि पूर्ण केली. थोडं दुखणं तर असणारच ना, ट्रायथलॉन आहे ही. १० आठवडे भरपूर आहेत, हळूहळू धावत राहा.

सांधे_आणि_स्नायू:

मी फिजिओ आहे, खेळाडूच बघते. जिद्दी_पाय, तुमचं निभावलं याचा खरंच आनंद आहे, पण हा सल्ला मी कुणालाच देणार नाही, विशेषतः गोळीचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं तास-दोन तास घाम गाळत असताना घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि त्यात ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. लांब शर्यतींत रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाण्याशीही यांचा संबंध जोडला जातो. आणि हाडाचं दुखणं असेल तर ती गोळी फक्त एवढंच करते की आपल्याला थांब म्हणणारा आवाज बंद होतो, खाली भेग वाढत राहते.

पहाटेची_फेरी, तुमच्या वर्णनावरून मला शिन स्प्लिंट्स वाटतंय, पण सकाळी लंगडणं मला आवडलेलं नाही. स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या किंवा हाडांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, आणि वर म्हटलंय तसं एका बिंदूत दुखत असेल तर एमआरआयबद्दल त्यांना स्पष्ट विचारा. एका पायावर उड्या मारून बघायची चाचणी वाचली असेल तर ती घरी रोज करून बघत बसू नका, भेग असेल तर त्यानेच वाढेल. दुखणं कधी जांघेत किंवा मांडीच्या वरच्या बाजूला पुढे आलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, मांडीच्या हाडाच्या मानेतलं फ्रॅक्चर हे फार वेगळं आणि गंभीर प्रकरण असतं.

आणि इथे सगळ्यांसमोर विचारतेय पण मनातल्या मनात उत्तर दिलंत तरी चालेल, पाळी नियमित येतेय का? ट्रेनिंग वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं की शरीर पहिल्यांदा तिथे काटकसर करतं आणि मग हाडांत. पाळी लांबली असेल, सारखा थकवा असेल, तर डॉक्टरांना हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. नडगीचं मूळ बऱ्याचदा बुटात नसतं, ताटात असतं.

आता फ्रॅक्चर नाही असं धरून पुढचं सांगते. पूर्ण आराम हे उत्तर नाही आणि दुखतंय तरी धावणं हेही नाही. ० ते १० मध्ये दुखण्याला मार्क द्यायची सवय लावा. करताना २ पर्यंत ठीक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नको. दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळ्यात महत्त्वाची, कारण हाड आणि स्नायूबंध आपलं म्हणणं उशिरा सांगतात, तुमचं पलंगावरून पाय टेकवणं हीच तुमची रोजची तपासणी. आधी ३०-४० मिनिटं झपझप चालून बघा. सलग ५-६ दिवस चालताना आणि सकाळी काही नाही, तर १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं ६ वेळा, एक दिवस आड. मग धावण्याची मिनिटं वाढवायची, वेग अजिबात नाही, चढ-उतार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आठवड्याला १० टक्केच वाढवा हा नियम सगळीकडे सांगतात, पण तो काही मंत्र नाही. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्या धावकांवर अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात १० टक्क्यांच्या हिशोबाने हळू वाढवणारे आणि नेहमीच्या वेगाने वाढवणारे दोन्ही गट जवळपास सारखेच जायबंदी झाले, दर ५ जणांत १. म्हणून टक्केवारीपेक्षा तुमची सकाळ काय म्हणते ते ऐका.

व्यायामात पोटरी, पोटरी आणि पोटरीच. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा वाकवून, कारण आतला जो सोलिअस स्नायू आहे तो वाकवल्यावर जास्त काम करतो आणि धावताना नडगीचा भार तोच उचलतो. दोन्ही पायांवर सुरू करा, एका पायावर सलग २५ न दुखता जमेपर्यंत न्या. धावायला लागलात की पावलं जरा छोटी आणि ५ ते १० टक्के जलद टाका, पायावर आदळणारा भार कमी होतो.

बर्फाबद्दल, दुखणं तात्पुरतं कमी होतं म्हणून लावायचा असेल तर लावा, पण त्याने बरं होत नाही. आराम-बर्फ-दाब-पाय उंच हा फॉर्म्युला १९७८ साली ज्या डॉ. गेब मर्किन यांनी मांडला, त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्हींमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो.

दम जाईल याची भीती सोडा. पहिल्या दोनेक आठवड्यांत जे कमी होतं ते बरंचसं रक्तातल्या प्लाझ्माचं प्रमाण असतं, ते लवकर परत येतं, आणि तुम्ही सायकल चालवताय म्हणजे हृदयाला काम आहेच. खोल पाण्यात कमरेला फ्लोट बेल्ट बांधून धावणंही करा, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत, अंग सरळ ठेवायचं, १ मिनिट जोरात ३० सेकंद हळू. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा १०-१५ ने कमी दिसतात म्हणून घड्याळाकडे बघू नका, श्वासावरून जा.

पहिली_लेन:

खांद्याबद्दल मी लिहितो, मी मोठ्या वयात पोहायला आलेल्यांनाच शिकवतो. ताई तुम्ही एक हिशोब करा. २५ मीटरच्या तलावात नवीन पोहणारा साधारण २२ हात मारतो. २००० मीटर म्हणजे ८० फेऱ्या, म्हणजे १७६० हात, एका खांद्याच्या वाट्याला ८८०. आठवड्यातून ५ दिवस म्हणजे ४४००, आणि तेही पॅडल लावून. जो माणूस नडगीला ५ आठवड्यांत ९ किमीवर नेऊन पस्तावलाय त्याने खांद्याला १२ दिवसांत तेच केलंय. रागावून नाही सांगत, अगदी सगळ्यांचं हेच होतं, धावणं बंद झालं की ते तास कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडत नाही.

पॅडल्स आजपासून पिशवीत. पुलबॉय (मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा) पण सध्या नको, पाय तरंगतात म्हणून बरं वाटतं पण सगळा ओढा हातांवर येतो. आणि किकबोर्ड समोर धरून पाय मारणं हा आराम समजू नका, हात वर ताणून फळीवर वजन टाकलं की दुखरा खांदा तिथेच चिमटतो. पाय मारायचेच तर पाठीवर पडून, हात मांड्यांजवळ. भिंतीला पाय मारून निघताना डाव्याच पायाने हलकं ढकला, नडगीला तो झटकाही सध्या नको.

मग तंत्र. एका बाजूने कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा आणि एक समोरून, समोरचा जास्त महत्त्वाचा. बघा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या रेषेच्या पलीकडे जातोय का. नव्यांपैकी बहुतेकांचा जातो, आणि अंगठा आधी शिरतो, तळवा बाहेर वळलेला. ही अवस्था खांद्याला फार वाईट. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटांची टोकं आधी, तळवा खाली. आणि अंग कुशीवर फिरलं पाहिजे. सपाट पडून पोहलं की हात वर आणायचं सगळं काम एकट्या खांद्याला करावं लागतं. तुम्ही फक्त उजवीकडेच श्वास घेत असाल तर डावीकडून घ्यायला शिका, सुरुवातीला नाकातोंडात पाणी जाईल पण एका महिन्यात बसतं, आणि उघड्या पाण्यात लाटा एका बाजूने आल्या की तेच वाचवतं.

आठवडाभर पोहणं आठवड्यातून ३ वेळा आणि ८०० मीटरच्या आत, तेही न दुखता. रबरी बँड दाराच्या कडीला बांधून, कोपर कुशीला चिकटवून, हात बाहेर वळवायचा, १५ वेळा ३ सेट, एक दिवस आड. रात्री त्या कुशीवर जाग येतेय ती ३ आठवड्यांत थांबली नाही तर फिजिओना खांदाही दाखवा.

दोन_चाकं:

सगळं वर आलंच आहे, फक्त एक राहिलं. आता तुम्ही सगळे तास सायकलवर ओताल आणि गुडघा धराल. तसं करू नका. तास तेवढेच ठेवा, त्यातल्या दोन दिवशी जोर वाढवा. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट बहुतेक खाली आहे, मागे दुखलं तर वर. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहतो. बदलायचीच तर एका वेळी ३-४ मिलीमीटर, जास्त नाही. आणि खांदा दुखत असताना एरोबारवर (हँडलच्या पुढे कोपरं टेकायचे दांडे) झोपू नका, हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवा.

आणखी एक, आयोजकांना आजच मेल टाका की त्याच दिवशी स्प्रिंट अंतर आहे का आणि नोंदणी बदलता येते का, ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. काही ठिकाणी अ‍ॅक्वाबाइकही असते, फक्त पोहणं आणि सायकल. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर सहसा नाही म्हणतात. आणि नियमात चाललेलं चालतं हो, रांगायचं तेवढं नाही. पोहताना दमलात तर बोया धरून थांबताही येतं, फक्त तो धरून पुढे सरकायचं नाही.

पहाटेची_फेरी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अंगठ्याने दाबून बघितलं, ५ बोटं लांब दुखतं, पण मध्ये एक जागा जास्तच होती म्हणून डॉक्टरांकडे गेले आणि एमआरआयचं मीच विचारलं. हाडाला भेग नाही, हाडावरच्या आवरणाला सूज आहे. पण डॉक्टर म्हणाले असंच आणखी ३-४ आठवडे धावला असतात तर वेगळा रिपोर्ट आला असता. बाहेर येऊन पार्किंगमध्ये १० मिनिटं नुसती बसून राहिले. सांधे_आणि_स्नायू, तुमच्या त्या पाळीच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं होतं, दोनदा लांबली होती, मी वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांना सांगितलं, रक्ताच्या तपासण्या दिल्यात आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलंय.

समोरून व्हिडिओ काढला. उजवा हात चक्क डाव्या डोळ्यासमोर शिरतो!! मला शपथेवर वाटत होतं सरळ जातोय.

आयोजकांनी स्प्रिंट करून दिलं. ठरवायला एक रात्र गेली. मुलीने विचारलं मग गोल पुसायचा का, म्हटलं नाही, तारीख तीच आहे.

पहाटेची_फेरी:

४ आठवड्यांनी परत आलेय. ८ दिवस फक्त चालले, मग १ मिनिट धावणं सुरू केलं. पहिल्या दिवशी ते एक मिनिट इतकं सावकाश धावले की शेजारून चालणारे आजोबा पुढे गेले आणि मला रडू यायचं बाकी होतं, दुखत नव्हतं म्हणून. आता ४ मिनिटं धावणं १ मिनिट चालणं, ५ वेळा, इथवर आलेय. सकाळी पाय टेकवताना काही नाही, सलग ११ दिवस वहीत शून्य लिहिलंय. टाचा उचलणं डाव्या पायावर २५, उजव्यावर १९ ला थांबते. खांदा रात्री उठवत नाही, पोहणं ३ दिवस १००० मीटर, पॅडल्सशिवाय.

शर्यतीला साडेपाच आठवडे आहेत. सायकलवरून उतरून लगेच धावायचं ब्रिक अजून एकदाही केलेलं नाही. कधी सुरू करू? या रविवारी चालेल का?

सांधे_आणि_स्नायू:

किती बरं वाटलं वाचून. रविवारी करा, पण सायकल लांब नको, ४५ मिनिटं सोपी, उतरल्यावर आधी ५ मिनिटं चाला, मग १ मिनिट धावणं १ मिनिट चालणं, फक्त ५ वेळा. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात आणि वेगाचा अंदाज चुकतो, माणूस नकळत जोरात पळतो, म्हणून घड्याळात वेगाची मर्यादा लावून ठेवा. त्या आठवड्यात धावण्यात दुसरं काहीही वाढवायचं नाही. आणि उजवा पाय २५ ला पोचेपर्यंत सलग २० मिनिटांच्या वर जाऊ नका. सोमवारी सकाळी वहीत काय लिहिलंत ते इथे सांगा, मी बघते.